माणूस गेल्यावर घरात कुत्रे आणावे का?

जोडीदार गेल्यानंतर एकट्या राहिलेल्या माणसाला मुले, शेजारी, कधी डॉक्टरही सुचवतात की एखादे कुत्रे पाळा, मन रमेल. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. मात्र ज्यांना हे सुचवले जाते ते समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसल्यावर थोड्याफार फरकाने एकच शंका विचारतात: गेलेल्या माणसाच्या जागी जनावर आणून बसवल्यासारखे तर होणार नाही ना? या शंकेमागे लोकलाज असते तशी दुसरीही एखादी गोष्ट दडलेली असते, आणि ती बाहेर आल्याशिवाय कुत्रे आणावे की आणू नये याचे उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. सोलापुरातील एका काकूंची हकीकत त्यासाठीच येथे सांगते. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू पासष्टीच्या पुढच्या. यजमान सूतगिरणीतून निवृत्त झालेले, एकुलता मुलगा पुण्यात नोकरीला. यजमानांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे शेवटची काही वर्षे आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होते. त्या काळात काकूंचा दिवस संपूर्णपणे त्यांच्या वेळापत्रकावर चालत असे: सकाळची गोळी, पालेभाजी उकळून तिचे पाणी काढून टाकणे, रिक्षा ठरवणे, वजन लिहून ठेवणे आणि सर्वांत अवघड म्हणजे पाणी मोजून देणे. डॉक्टरांनी ठरवून दिलेले दिवसभराचे पाणी त्या सकाळीच एका स्टीलच्या तांब्यात काढून ठेवत आणि त्यातूनच औषध, चहा, घोट-दोन घोट असा हिशेब सांभाळत. यजमान गेल्यानंतर मुलाने आईला माझ्याकडे आणले ते झोप लागत नाही आणि रात्री त्या जेवत नाहीत या तक्रारीसाठी. त्याने एका महागड्या जातीच्या पिल्लाची आगाऊ रक्कमही भरली होती. आईला अचानक आनंद द्यावा असा त्याचा बेत होता. मी त्याला तेवढे थांबवले. शोकात असलेल्या माणसाच्या हाती न विचारता एक जीव सोपवणे हे मला त्या माणसावर आणि त्या जीवावर, दोघांवरही अन्याय करण्यासारखे वाटते.

काकूंच्या मनातली खरी गोष्ट बऱ्याच भेटींनंतर बाहेर आली. शेवटच्या रात्री यजमानांनी पाणी मागितले होते. त्या दिवसाचा तांब्या संपलेला होता. काकूंनी ओला बोळा ओठांवर फिरवला आणि म्हणाल्या, "आता सकाळी." सकाळ त्यांनी पाहिली नाही. आपल्याकडे शेवटच्या क्षणी तोंडात पाणी पडावे याला केवढे महत्त्व आहे, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. "मी त्यांना तहानलेलं पाठवलं," एवढेच वाक्य काकू पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

येथे कुत्रे आणून काय साधले असते? अपराधी भावना एका कोपऱ्यात तशीच राहिली असती, आणि कुत्रे आजारी पडले असते तेव्हा दुपटीने वर आली असती. म्हणून आम्ही आधी त्या तांब्याबद्दल बोललो. त्यांच्या परवानगीने मी मूत्रपिंडविकाराच्या डॉक्टरांशी त्यांची भेट ठरवली. मूत्रपिंडे काम करत नसताना प्यालेले पाणी दोन डायलिसिसच्या मधल्या काळात शरीरातच साचते, हृदयावर ताण येतो, पाणी फुप्फुसांत उतरले तर माणूस गुदमरतो, हे डॉक्टरांनी त्यांना पुन्हा एकदा शांतपणे समजावले. काकूंना हे आधीही माहीत होते. पण यजमान जिवंत असताना ती सूचना होती, आता ती त्यांच्या बाजूने दिलेली साक्ष झाली. त्या दिवशी त्या मोकळेपणाने रडल्या. त्यानंतर झोप हळूहळू सुधारली.

दिवस मात्र रिकामाच राहिला. आजारी माणसाची दीर्घकाळ सेवा करणाऱ्याचे दुहेरी नुकसान होते: माणूस जातो आणि त्याच्यासोबत दिवसाचा आराखडाही जातो. नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलेला विचार मला येथे फार उपयोगी वाटतो. त्यांच्या म्हणण्यानुसार शोकातले माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत असते. कधी ते गेलेल्याच्या आठवणीत बुडते, कधी रोजच्या नव्या कामांकडे वळते, आणि ही ये-जा चालू राहणे हेच सावरण्याचे लक्षण असते. कामाकडे वळणे म्हणजे विसरणे, असा जो समज आपण करून घेतो तो यामुळे सैल होतो. काकूंना हे समजावताना मी एवढेच म्हटले की काकांसाठी रडण्याची वेळ कोणी तुमच्याकडून हिरावून घेणार नाही, बाकीच्या वेळेला काहीतरी काम हवे.

ते काम त्यांना दारातच सापडले. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर गेला की अनेक घरांसमोर पक्ष्यांसाठी, जनावरांसाठी पाणी ठेवले जाते. उजनीचे पाणी नळाला काही दिवसांआड येत असले तरी ही रीत आमच्या शहराने सोडलेली नाही. काकूंनीही फाटकाबाहेर दगडी डोणी ठेवली. तेथे पाणी प्यायला येणाऱ्यांत एक तांबूस गावठी कुत्री होती, नसबंदीची खूण म्हणून एका कानाला खाच असलेली. एके दिवशी तिला वाहनाची धडक बसली आणि प्राणिप्रेमी तरुणांनी तिला शहराबाहेरच्या त्यांच्या निवारा केंद्रात नेले. काकू तिला पाहायला गेल्या, मग पुन्हा गेल्या. पुढच्या भेटीत मला म्हणाल्या, "ती डोणीत तोंड घालून पोटभर पाणी पिते ना, तेव्हा मला बरं वाटतं. आणि बरं वाटलं की लगेच वाईट वाटतं."

तिला घरी आणायचे ठरल्यावर आक्षेप आलेच. नणंदेने सांगितले की देवघर असलेल्या घरात कुत्रे वावरू नये, आणि वर्षश्राद्ध होऊन थोडे दिवस झाले नाहीत तोच लाड कसले सुचतात. पहिल्याला काकूंनीच उत्तर दिले: "आपलं कुलदैवत बाळ्याचा खंडोबा. त्याच्या घोड्यासंगं कुत्रं आहेच की." दुसऱ्या आक्षेपाने मात्र त्या खचल्या. मी त्यांना विचारले, काका असते तर त्या लंगड्या कुत्रीचे काय केले असते? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या आधी तेच घेऊन आले असते."

राणी, हे तिचे केंद्रातले नाव, घरी आली आणि दोन दिवस शिलाई मशीनखालून बाहेर आली नाही. भाकरीला तिने तोंडही लावले नाही. निवारा केंद्रातून आलेल्या प्रौढ कुत्र्याला घराची सवय व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. हे आधी माहीत नसेल तर शोकातले माणूस ते स्वतःचे अपयश समजते. काकूंनी मला फोन केला तेव्हा त्यांच्या आवाजात काळजी होती, पण पूर्वीचा अपराधीपणा नव्हता. "तिलाही झोप लागत नाही," त्या म्हणाल्या, "मी मशीनपाशीच सतरंजी टाकलीय."

त्यानंतरचा तपशील साधा आहे आणि मला त्यातच खरा दिलासा दिसतो. उन्हाळ्यात डांबराने पंजे भाजतात म्हणून काकू उजाडायच्या आत राणीला फिरवून आणू लागल्या. रस्ता तापला आहे की नाही हे उलट्या हाताने पाहायला शिकल्या. भाकरी, भात, उकडलेले अंडे चालते. कांदा आणि द्राक्षे कुत्र्याला घातक असतात, ही गोष्ट कांद्या-द्राक्षांच्या आपल्या जिल्ह्यात प्रत्येक पाळणाऱ्याने पाठ करावी. रेबीजची लस दरवर्षी. रात्रीची भाकरी पुन्हा थापली जाऊ लागली, कारण राणीसाठी तवा तापला की काकूंसाठीही एक पडते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाचा आवाज आला तेव्हा त्यांनी खिडक्या लावल्या, टीव्ही मोठा केला आणि तिच्याजवळ बसून राहिल्या. काकांची आठवण आल्यावर त्या अजूनही रडतात. तांब्या फळीवर आहे. तो हलवावा असे मी कधीच सुचवले नाही.

हे वाचून कोणी कुत्र्याला औषध समजू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. अंथरुणातून उठवत नसेल, अन्न जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे किंवा टेली-मानसच्या 14416 या शासकीय क्रमांकावर बोलावे. ज्याला स्वतःला सांभाळणे अशक्य झाले आहे त्याच्याकडे जनावर देऊ नये.

वृद्धांची शेवटची शंका असते: माझ्यामागे त्याचे काय? ती मी कधीही हसण्यावारी नेत नाही. गावठी कुत्रे बारा-पंधरा वर्षे जगू शकते, म्हणून वयस्कांनी पिल्लापेक्षा प्रौढ कुत्रे घ्यावे आणि आणण्यापूर्वीच पुढे ते कोणाचे, हे नाव ठरवावे. काकूंच्या बाबतीत मुलाने केंद्राच्या दत्तक अर्जावर आईच्या सहीखाली स्वतःची सही केली, आणि त्या पुण्याला जातात तेव्हा शेजारची कॉलेजात शिकणारी मुलगी राणीला सांभाळते. ज्यांच्याकडे असे नाव नसते त्यांना मी दत्तक घेण्याऐवजी आठवड्यातून एक सकाळ निवारा केंद्रात द्यायला सुचवते. पट्टा लावून फिरवणे, जखमेला औषध लावणे, पाणी बदलणे या कामांना तेथे माणसे कायम कमीच पडतात.