तारीख मागू नकोस, झाड धर

चिरंजीवास आशीर्वाद.

तुझा निरोप दोनदा वाचला. थंड देशांतल्या लालभडक जंगलांचे फोटो, नकाशावर भुसावळ ते तोरणमाळ ओढलेली रेघ, आणि खाली प्रश्न: दिवाळीत चार दिवस सुट्टी आहे, असे पानगळीचे रंग पाहायला कोणती तारीख धरू? कोणतीच धरू नकोस. आधी झाड धर. तारीख आणि रस्ता त्याच्या मागून येतात.

घोळ शब्दातच आहे. परदेशी ‘ऑटम’ला आपण शरद म्हणून मोकळे झालो. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. तेव्हा सातपुडा हिरवा असतो आणि गवत माजलेलं असतं. आपली पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. तिचं कारणही निराळं. तिकडे दिवस आखडतो आणि थंडी पडते, इकडे जमिनीतली ओल सरते. पाणी तुटलं की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून कामाचं तेवढं परत ओढून घेतं. मग आधीपासून दडलेला पिवळा रंग दिसू लागतो. धावड्यासारख्या झाडात त्यावर तांबूस लाल चढतो. म्हणून पावसाने दगा दिलेल्या वर्षी पानगळ लवकर आणि पाऊस लांबलेल्या वर्षी उशिरा. मुरमाड दक्षिण उतार आधी उघडा पडतो, नाल्याकाठचं तेच झाड मागाहून. हे कोणत्या कॅलेंडरवर छापलेलं असतं, सांग बरं?

आता झाडं. सागाच्या नादी लागू नकोस. त्याचं पान मोठं, पण वाळताना मातकट होतं आणि फोटोत रद्दीसारखं दिसतं. सलई आणि मोई पिवळ्या होतात, तेही थोडे दिवस. धावडा पाहायचा तर माघ. पण खरी गोष्ट वेगळीच आहे: आपल्या रानातला अस्सल लाल रंग गळत्या पानांचा नव्हे, फुटत्या पानांचा. कुसुंब बघ, काही जण त्याला कोशिंब म्हणतात. मार्चमध्ये त्याला पालवी येते ती लिबलिबीत, खाली लोंबणारी, आत्ताच पाण्यातून काढल्यासारखी चकचकीत. आधी काळपट लाल, मग शेंदरी, मग तांब्याची, आणि मग मुकाट्याने हिरवी. कोवळ्या पानाला उन्हापासून जपायला झाडाने तो लाल रंग भरलेला असतो, पान निबर झालं की त्याची गरज संपते. सगळा खेळ जेमतेम दोन आठवड्यांचा. लोक तो चुकवतात आणि मग म्हणतात आपल्याकडे रंगच नाहीत. याचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. हेकट म्हणतात मला, म्हणोत. सुट्ट्या पाहून निघणाऱ्यांना दरवर्षी करपलेलं रान दिसतं, त्याला मी काय करू?

पळस फुलतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. तो तर बांधावरही भेटेल. अंजनाची तांबूस पालवी साधारण त्याच्यानंतर. त्याचं पान दोन दलांचं, आपट्याच्या धाकट्या भावासारखं. एका फेरीत सगळं मिळणार नाही. एक झाड निवड.

कुसुंब निवडलास असं धरतो, तर रस्ता असा. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा असा सातपुड्याला समांतर जातो. तू रेघ त्याच्यावरच ओढलीस, तिथेच चुकलास. त्या रस्त्यावरून पूर्व भागात दोन्ही बाजूंना केळी दिसते, बारमाही हिरवी, आणि पुढे केळीचे ट्रक. डोंगर उत्तरेला निळसर रेघेएवढाच. रंग हवा तर उजवीकडे आत वळावं लागतं. सावद्याहून खिरोद्यावरून पालला, अडावदहून उनपदेवला, शहाद्याहून तोरणमाळला. पहिल्या खेपेला फक्त पाल कर. यावल अभयारण्य तिथेच आहे, 1969 सालचं, सुमारे 178 चौरस किलोमीटर. तोरणमाळ सुमारे 1150 मीटर उंच, तिथला हंगाम पायथ्यापेक्षा मागे रेंगाळतो, म्हणून ते वेगळ्या खेपेला ठेव. महाशिवरात्रीला तिथे गोरखनाथाची यात्रा भरते, ते दिवस टाळ. होळीआधीच्या आठवड्यात डोंगरातल्या आदिवासींचे भोंगऱ्या बाजार असतात. रस्ता जीपगाड्यांनी भरतो, त्यात कुरकुर करू नकोस, आणि कुणाच्या तोंडासमोर न विचारता कॅमेरा धरू नकोस.

आता झाड विचारायचं कसं? फेब्रुवारी लागला की पायथ्याच्या गावातला एक ओळखीचा माणूस धर, दूधवाला चालेल, शिक्षक चालेल. ‘जंगल कसं आहे’ असं विचारू नकोस, ‘छान आहे’ एवढंच उत्तर येतं. ‘कुसुंबाला पानं आहेत, का उघडा झालाय, का लाल फुटलाय?’ असं विचार. उघडा म्हणाला तर दर तीन दिवसांनी फोन. लाल म्हणाला तर त्याच आठवड्यात रजा टाक. रजा आधी मंजूर करून ठेवायचा हट्ट सोड, हे तुला चौथ्यांदा सांगतोय.

पहाटे असं निघ की सूर्य वर येताना तू डोंगरात असशील. झाड तुझ्या आणि सूर्याच्या मधे हवं. उजेड पानातून आला तरच लाल पेटतो, पाठीवर ऊन घेऊन काढलेला फोटो विटकरी येतो. अकरानंतर कॅमेरा ठेवून दे आणि सावलीत कळण्याची भाकरी खा.

दुचाकी असेल तर घाट उतरताना दुसरा गिअर, नुसत्या ब्रेकवर उतरलास की ते तापून ढिले पडतात. वळणावर सागाची वाळकी पानं साचतात, त्यांच्यावर ब्रेक दाबलास की चाक सरकलंच. आणि एक गोष्ट डोक्यात खिळा ठोकल्यासारखी ठेव: तापलेला सायलेन्सर वाळल्या पाचोळ्यावर उभा करायचा नाही. गाडी मोकळ्या मातीवर किंवा डांबरावरच लाव, वणव्याचे दिवस तेच असतात. टाकी खालीच भर, माणशी चार लिटर पाणी ने. वनखात्याच्या नाक्यावर आत जाताना परत यायची वेळ विचारून घे, अंधारात आत अडकू नकोस.

खिरोद्याकडचा माणूस मी बघून देतो. नंबर मिळाला की पाठवतो, बोलायचं मात्र तू.