जी_ऑटोपीटीआर वापरताना एवढं बघ
अरे, सी मध्ये प्रत्येक रिटर्नच्या आधी हाताने अनरेफ (ऑब्जेक्टवरचा आपला रेफरन्स सोडणारा कॉल) लिहीत बसू नकोस, एखादा एरर पाथ सुटतोच आणि मग मेमरी लीक (न सोडलेली मेमरी) शोधत बसावं लागतं. जीलिब या सी लायब्ररीत २.४४ पासून जी_ऑटोपीटीआर हा मॅक्रो आहे, त्याने डिक्लेअर केलेलं व्हेरिएबल स्कोपच्या बाहेर गेलं की अनरेफ आपोआप होतं. फक्त डिक्लेअर करतानाच नल टाक, नाहीतर मधेच रिटर्न झालं तर कचरा पॉइंटरवर अनरेफ चालतं आणि क्रॅश, मी यात एक आख्खी रात्र घालवलीये. ऑब्जेक्ट रिटर्न करायचा असेल तर जी_स्टील_पॉइंटर वापर, तो व्हेरिएबल नल करून मालकी कॉलरकडे देतो. आणि उसना रेफरन्स, म्हणजे ट्रान्सफर नन वाला (ज्याची मालकी आपल्याला मिळालेली नसते), अशा व्हेरिएबलमध्ये ठेवायचा तर आधी रेफ घे, म्हणजे आपला स्वतःचा रेफरन्स. हे जीसीसी आणि क्लँगवर चालतं, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर नाही.