पावणेतीन सुताचा बाण आणि बोथट टोक

प्रश्न : काका, गेल्या सप्टेंबरपासून ४५ पौंडांच्या ताणाचं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) धनुष्य घेऊन मी खारींच्या मागे आहे. लायसन्स काढलंय, कोर्सही केलाय. पण ओकच्या एका झाडात, जमिनीपासून पंचवीस फुटांवर, माझे तीन बाण अजून रुतलेले आहेत. एका खारीला बाण लागला तो आरपार गेला आणि ती तशीच ढोलीत शिरली. ते डोक्यातून जात नाही. दुकानात रबरी टोकं मिळतात, ती घेऊ का? की घरी काही करता येईल?
— एक वाचक, लॅन्सिंग, मिशिगन

उत्तर : तीनच बाण? माझे पहिल्या वर्षी सात अडकले होते. त्यातला एक पुढच्या वसंतात आपणहून खाली पडला, वाकडा होऊन.

तू फील्ड पॉइंट वापरतोयस. ते सरावाचं टोक. खारीच्या अंगातून ते दाभणासारखं पार होतं. बाणाचा जोर खारीत उतरतच नाही, तिच्या मागच्या झाडात उतरतो. म्हणून बाण झाडात आणि खार ढोलीत. छोट्या जनावराला टोक बोथट हवं, म्हणजे सगळा दणका त्याच्याच अंगात राहतो.

रबरी टोकं घेऊ नकोस. तुझ्या धनुष्यावर कदाचित चालतीलही, पण माझं मन उडालंय. माझं पहिलं धनुष्य ३५ पौंडांचं होतं. बारा यार्डांवरून रबरी टोक बरगडीवर बसलं, खार कोलमडली. मी चार पावलं गेलो तर उठून माझ्याकडे बघितलं तिनं, आणि गेली. त्या दिवशी मी धनुष्याची दोरी उतरवली आणि घरी आलो. रबर स्वतः दबतं, अर्धा दणका तेच खातं.

आता घरचं काम. मी तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, त्यामुळे मापं सुतात (इंचाचा आठवा भाग) आणि थाऊत (इंचाचा हजारावा भाग) सांगतो.

तुझे बाण लाकडी असतील तर बहुतेक पावणेतीन सुताचे असतील, म्हणजे इकडच्या भाषेत अकरा बत्तीसांश इंच, ३४४ थाऊ. त्यावर .३८ स्पेशल पिस्तुलाची उडालेली पितळी पुंगळी टोपीसारखी बसते. नाव .३८ असलं तरी तिची गोळी ३५७ थाऊची असते, म्हणजे तेरा-एक थाऊंचा खेळ राहतो. दांडीवर शिवणाच्या दोऱ्याचे दोन-तीन फेरे दिले की तो भरून निघतो, मग इपॉक्सी. शूटिंग रेंजवर विचारलंस तर मूठभर पुंगळ्या फुकट देतील. मात्र प्रत्येक पुंगळी उलटी करून बघ : बुडातल्या प्रायमरवर (बार पेटवणाऱ्या टिकलीवर) बंदुकीच्या पिनेचा खड्डा हवा. खड्डा नसेल तर ती बाजूला ठेव, हात लावू नकोस.

पुंगळी भरते सत्तर ग्रेनच्या (बाणाच्या टोकांचं वजन याच बारीक मापात मोजतात) आतबाहेर. ते कमी पडतं. मी प्रायमर काढून टाकतो, त्या भोकातून इंचभर लाकडी स्क्रू दांडीत पिळतो. आधी बारीक ड्रिल मारायचं, नाहीतर दांडी उभी चिरते. मी दोन चिरल्या, तिसरीला अक्कल आली. स्क्रूनं वजन शंभरच्या जवळ जातं आणि पुंगळी झाडावर आपटून निसटतही नाही.

कार्बनचे बाण असतील तर वॉशर. हा माझा आवडता प्रकार. फील्ड पॉइंट काढायचा, मध्ये वॉशर घालायचा, परत आवळायचा. इथं बहुतेकजण फसतात ते भोकाच्या मापावर. पॉइंटचे आटे ८-३२ या मापाचे, म्हणून लोक ८ नंबरचा वॉशर आणतात आणि तो मध्येच अडतो. कारण आट्यांच्या मागे, डोक्याला लागून, दोनशे थाऊंचा गुळगुळीत दांडा आहे. १० नंबरचा वॉशर आण, तो बरोबर डोक्याला टेकतो. बाहेरून पाऊण इंच व्यास पुरे, जाडी एक मिलिमीटरच्या वर नको, नाहीतर आटे पुरेसे धरत नाहीत.

मग वॉशर व्हाइसमध्ये धरून कडेला आरीनं आठ खाचा मारायच्या आणि एकाआड एक दात पक्कडीनं पुढे वाकवायचा. हे दात गवतात अडकतात. बोथट बाण चुकला तर झाडात रुतत नाही खरा, पण पानांच्या थराखाली साप जावा तसा सरपटत जातो आणि तासभर शोधूनही सापडत नाही. बाजारात झ्विकीचा ज्युडो पॉइंट मिळतो, त्याला याच कामासाठी तारेचे चार हात असतात. माल उत्तम आहे, पण मला बसल्या बसल्या हाताला काम लागतं.

पॉइंटचं नाकही ग्राइंडरवर सपाट कर. १०० ग्रेनचा पॉइंट घासून ९५ वर आणतो मी, वर वॉशरचे तीस, झाले १२५. सरावाची टोकं १२५ची असतील तर शिकारीचंही तेवढंच भरलं पाहिजे. पुढचं वजन वाढलं की दांडी जास्त लवते आणि बाण सरळ जात नाही. किचनमधला काटा यासाठी निरुपयोगी. सोनारासारखा छोटा डिजिटल काटा घे : १२५ ग्रेन म्हणजे ८.१ ग्रॅम.

आणि वर झाडात मारायचंच असेल तर फ्लू-फ्लू पिसांचा बाण कर. पिसं न कापता रुंदच ठेवायची. लुगडं नेसून पळाल्यासारखा जातो तो, लांब जातच नाही, त्यामुळे सापडतो. नेम डोक्यावर किंवा छातीवर, पंधरा यार्डांच्या आत. फॉक्स खार मोठी, किलोपर्यंत भरते, आणि चिवट असते. पंधराच्या पुढे असेल तर बघत बस, तेही छान असतं.

प्रश्न : भावजी, आमच्या ह्यांनी ससा मारून आणला. मटणासारखाच करू का? साफ करताना काही बघायचं असतं का?
— एक वाचक, टोलेडो, ओहायो

उत्तर : वहिनी, रबरी हातमोजे घाला. इकडच्या कॉटनटेल जातीच्या सशांना तुलरेमिया नावाचा आजार होतो, आणि तो हातावरच्या बारीक खरचटीतूनही माणसाला लागतो. काळीज, म्हणजे लिव्हर, बघा. त्यावर पांढरे ठिपके असले तर ससा फेका, भांडी आणि सुरी गरम पाण्यानं धुवा. काळीज स्वच्छ असेल तर काळा मसाला, सुकं खोबरं, आणि कुकरला मटणापेक्षा एक शिट्टी जास्त. अर्धाकच्चा ठेवू नका.

प्रश्न : काका, तुमची टोकं पुण्यात करून बघावीत म्हणतो. गावाकडे ससे भरपूर आहेत.
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, त्यात ससाही आला. वॉशरचं टोक कर, कुजलेल्या ओंडक्यावर मार, मागे मातीचा बांध असू दे.

पुंगळीच्या वाटेला तर जाऊच नकोस. एका वर्षी साताऱ्याच्या भाच्याला दाखवायला एक बाण सामानात घेऊन निघालो होतो, टोकाला ती पितळी टोपी. परतीच्या विमानाला बॅग स्कॅनरमध्ये गेली आणि मला बाजूला बसवलं. अडीच तास. रिकामी आहे, स्क्रू मारलेला आहे, बाणाचं टोक आहे, सगळं सांगून झालं. शेवटी एका वयस्कर हवालदारानं बाण हातात घेतला, पुंगळी अंगठ्यानं चाचपली आणि विचारलं, "यानं मरतं काय?" मी म्हणालो, "खार." ते म्हणाले, "मग एवढं पितळ कशाला?" बाण त्यांनी ठेवून घेतला. विमान मिळालं.