वापरलेली ऑक्टाव्हिया कॉम्बी घ्यायची आहे (जर्मनीत, स्टुटगार्टजवळ): 1,68,000 किमीची डिझेल घ्यावी की 92,000 किमीची पेट्रोल?

तुमच्यासमोर दोन गाड्या आहेत. एक 2016 ची स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी (मोठ्या डिकीची, स्टेशन वॅगन), 2.0 टीडीआय डिझेल, डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, 1,68,000 किमी. दुसरी 2015 ची, 1.4 टीएसआय पेट्रोल, मॅन्युअल गिअर, 92,000 किमी. किंमत जवळपास सारखीच. ऑफिस घरापासून 6 किमी, मुलगी तीन वर्षांची, दुसरं बाळ डिसेंबरात आणि पुढच्या उन्हाळ्यात आईबाबा तीन महिन्यांसाठी येणार. मन डिझेलवर बसलंय, पण किलोमीटरची धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय.

माझ्याकडे हीच गाडी आहे: 2015 अखेरची, 2.0 टीडीआय, डीएसजी. 2019 मध्ये 1,42,000 किमीवर घेतली, आज 2,31,000 झालेत. माझा या गाडीवर जीव आहे आणि ऑफिस 45 किमीवर असणाऱ्या कुणालाही मी डोळे झाकून हीच सांगेन. तुम्ही मात्र पेट्रोलवाली घ्या. 1,68,000 च्या आकड्याला घाबरू नका, पण त्या 6 किलोमीटरांचा विचार करा.

डिझेलच्या धुरातली काजळी अडवायला एक गाळणी असते, डीपीएफ. ती भरत आली की गाडी आपणहून धुराचं तापमान 600 अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी इंजिन नीट तापलेलं हवं आणि पंधरा-वीस मिनिटं सलग रस्ता हवा. जानेवारीत उणे पाच अंशांत 6 किमीवर ऑफिस म्हणजे हीटरची हवा जेमतेम कोमट होते तोवर तुम्ही पार्किंगमध्ये पोहोचलेले असता. काजळी साठत राहते, जळत नाही.

हे मी स्वतः करून बसलोय. 2020 मध्ये घरूनच काम सुरू झालं आणि गाडी फक्त मुलाची किटा (पाळणाघर) आणि किराणा एवढ्यापुरती उरली, चार-चार किलोमीटर. नोव्हेंबरात एका संध्याकाळी घरासमोर गाडी लावली, चावी फिरवून इंजिन बंद केलं, तरी बॉनेटखालचा पंखा घोंगावत राहिला. चाकांपाशी तापलेल्या लोखंडाचा वास. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की सिग्नलला उभं असताना इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा नेहमीपेक्षा वर, 1000 च्या आसपास आहे आणि स्टार्ट-स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी सोय) बंद पडलंय. गाडी काजळी जाळत होती आणि मी दर वेळी मध्येच इंजिन बंद करत होतो. चार-पाचदा असं झाल्यावर पिवळा दिवा लागला. शनिवारी पहाटे ए-8 ऑटोबानवर (महामार्गावर) उल्मच्या दिशेने निघालो, गिअर हाताने चौथ्यात अडकवून ठेवला आणि आइशेलबेर्गचा घाट चढताना दिवा विझला. चूक पूर्ण माझी होती. वेळेवर सावरलं म्हणून वाचलो, नाहीतर गाळणी बदलायचा खर्च हजारांत जातो. तुमचा तर रोजचाच रस्ता तसा आहे.

आपल्याकडे ‘रनिंग जास्त असेल तर डिझेल’ म्हणतात, ते इथेही लागू आहे, उलट जास्तच. इथे करसुद्धा तसाच लागतो. इंजिनाच्या दर 100 सीसीमागे डिझेलला वर्षाला 9.50 युरो, पेट्रोलला 2 युरो. म्हणजे करातला सीओटू चा (कार्बन डायऑक्साइडवरचा) भाग वेगळा ठेवला तरी 2.0 डिझेलला 190 युरो आणि 1.4 पेट्रोलला 28. माझी गाडी ऑटोबानवर 120-130 ने शंभर किलोमीटरला साडेपाच लिटर डिझेल पिते, त्यात हा कर भरून निघतो. 6 किमीच्या रस्त्यावर निघणार नाही.

आणि स्टुटगार्टच्या दरीत युरो 5 (धुराच्या प्रदूषणाचा दर्जा, आकडा मोठा तितकी गाडी स्वच्छ) डिझेललाही 2020 पासून शहराच्या मधल्या भागात बंदी आली. तुम्ही बघताय ती 2016 ची असल्याने युरो 6 असायला हवी, पण कुठलीही डिझेल बघायला गेलात तर नोंदणीच्या कागदावर, त्सुलासुंगच्या पहिल्या भागात, रकाना 14 वाचूनच पुढे बोला. जाहिरातीतल्या हिरव्या प्रदूषण-स्टिकरवर जाऊ नका, ते युरो 4 डिझेललाही मिळतं.

आता किलोमीटरबद्दल, कारण तुमची भीती तिथे आहे. ऑक्टाव्हिया कॉम्बी इथे घराघरांतली तशी कंपन्यांचीही गाडी आहे. विक्रीवाले, सर्व्हिस इंजिनिअर यांना ती तीन-चार वर्षांच्या लीजवर मिळते. असा माणूस वर्षाला 40,000 किमी ऑटोबानवर धावतो, इंजिन दिवसातून दोनदाच थंड चालू होतं आणि सर्व्हिस कंपनी भरते म्हणून चुकत नाही. तशा गाडीचे दीड लाख मला गावात फिरलेल्या डिझेलच्या 70,000 पेक्षा कधीही चालतील. या इंजिनाच्या टायमिंग बेल्टचा ठरलेला पल्लाच 2,10,000 किमीचा आहे. माझा तेव्हाच बदलला, पाण्याच्या पंपासकट. पंप सोबत बदलायचाच, कारण या पिढीच्या डिझेल इंजिनांत पंपावरची सरकती झडप अडकते आणि इंजिन तापतं, हे गॅरेजवाल्यांना चांगलं ठाऊक आहे.

पेट्रोलच्या गाडीला मात्र 92,000 किमी कुठे झाले हे विचारा. 1.4 टीएसआय म्हटलं की जुने लोक टायमिंगची साखळी ताणली जाण्याची गोष्ट सांगतील. ती आधीच्या पिढीच्या इंजिनाची. 2013 पासूनच्या ऑक्टाव्हियात नवं इंजिन आलं, त्यात साखळीच्या जागी बेल्ट आहे. त्याची दुखरी नस वेगळी: थर्मोस्टॅटच्या घरापाशी कूलंट झिरपतं. गाडी थंड असताना टाकीतली पातळी बघा आणि टॉर्च मारून इंजिनाच्या बाजूला जांभळट-गुलाबी वाळलेले ओघळ शोधा. तुमची मॅन्युअल आहे ही जमेची बाजू, कारण या इंजिनासोबत येणारी डीएसजी सात गिअरची कोरड्या क्लचची असते, आणि गर्दीत खूप रांगलेली असेल तर सुटताना थरथरते. माझ्या डिझेलची सहा गिअरची, तेलात बुडालेल्या क्लचची. ती जास्त दणकट, पण दर 60,000 किमीला तेल बदलावं लागतं.

त्या तेलावरून एक गोष्ट सांगतो. मी घेतली तेव्हा डीलरने छातीठोकपणे सांगितलं होतं की 1,20,000 वर डीएसजीचं तेल बदललंय. बिल मागितलं तर ‘सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे’. नंतर अधिकृत वर्कशॉपमध्ये नोंद काढली तर 60,000 नंतर काहीच नाही. तीनशेच्या आसपास युरो गेले, पण गिअरबॉक्स तरी वाचला. या वर्षांच्या गाड्यांची सर्व्हिस कागदी वहीत नसते, कंपनीच्या प्रणालीत असते, हे खरंच आहे. म्हणूनच सौद्याच्या आधी त्या नोंदीची छापील प्रत मागा. जाहिरातीत ‘शेकहेफ्ट गेफ्लेग्ट’, म्हणजे सगळी सर्व्हिस नोंदलेली, असं लिहिलं असेल तर प्रत देताना कुणी का-कू करता कामा नये.

आता ज्या कारणासाठी कॉम्बी घेतात, ती डिकी. 610 लिटर, सीट पाडल्यावर 1740. आकडे वाचून काही कळत नाही. माझे आईबाबा पहिल्यांदा मुंबईहून फ्रँकफर्टला उतरले तेव्हा 23 किलोच्या चार बॅगा होत्या, वर आईच्या हातातली चिवड्या-भाजणीची पिशवी आणि आमची बाबागाडी. दोन बॅगा आडव्या, त्यांवर दोन, कडेला बाबागाडी, आणि पिशवी आईने मांडीवरच घेतली. मागच्या प्रवाशांच्या डोक्यामागे मात्र सामान आलं होतं, आणि तिथे जाळी लागते. डिकीचं गुंडाळायचं झाकण आणि सीटमागची जाळी दोन्ही गाडीत आहेत का बघा. नवी घ्यायला गेलात की महाग पडते. जोरात ब्रेक लागला तर 23 किलोची बॅग काय करेल याचा विचार करा आणि मागच्या सीटवर कोण असेल याचा.

डिकीच्या भिंतीतले दोन खटके ओढून बघा, दोन्ही बाजूंची पाठ झटकन पडली पाहिजे. फरशी उचला, खालच्या खोबणीत हात फिरवा, ओल किंवा गंज लागतो का. बंपरच्या वरच्या कडेवर ओरखडे असतील तर चालेल, कॉम्बी सामान वाहते. ओढायचा हूक असेल तर मालक काय ओढत होता ते विचारा. वजन किती चालेल हेही कागदावर आहे: रकाना एफ.1 मधून रकाना जी वजा करा. जी मध्ये चालकाचे 75 किलो आधीच धरलेले असतात, त्यामुळे उरलेल्या आकड्यात बाकीचे प्रवासी आणि सामान बसवायचं.

आणि इथे तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट निसटलीय. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं, दोन मुलं, आईबाबा, एकूण सहा जण. कॉम्बी पाच जणांची. शिवाय बाळ तेव्हा पाठमोऱ्या सीटमध्ये असेल, मुलगी तिच्या सीटमध्ये, आणि मुलांच्या सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक मागच्या दोन टोकांनाच आहेत. म्हणजे पाचवा माणूस मध्ये. आमच्या आईने एकदा बोडनझे सरोवरापर्यंत मधल्या जागेत प्रवास केला. पायांखाली मधला उंचवटा, दोन्ही कुशींना मुलांच्या सीटच्या कडा. तिथल्या मीर्सबुर्ग गावी उतरल्यावर पाच मिनिटं ती गाडीचं दार धरून उभी होती, गुडघा सरळ होईना. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मध्ये मी किंवा बायको बसतो आणि आई पुढे. ऑक्टाव्हियात मागे गुडघ्यांपुढची जागा उदंड आहे, रुंदी नाही.

म्हणून सात सीटची फोक्सवॅगन टूरान घ्यावी का? मी तरी घेणार नाही. सगळ्या सीट उभ्या केल्या की तिच्या डिकीत दोन पिशव्याही जेमतेम मावतात, म्हणजे आईबाबा बसतील पण बॅगा नाही. तीन महिन्यांसाठी कुणी एकाने डॉइचलँड-तिकीट (महिन्याचा पास) काढून रीजनल ट्रेनने यावं, विमानतळावर दोन खेपा कराव्यात. उरलेले नऊ महिने कॉम्बीच सुखाची. पण आईंना गुडघ्याचा त्रास असेल आणि फिरायचे बेत मोठे असतील तर हा हिशेब घरी आजच बोलून घ्या.

गाडी डीलरकडून घेताय हे चांगलं. डीलरवर किमान एक वर्षाची कायदेशीर जबाबदारी असते, आणि 2022 पासून त्या पहिल्या वर्षात दोष निघाला तर तो विक्रीनंतरचा आहे हे त्याला सिद्ध करावं लागतं. पण करारपत्रात ‘इम कुंडेनआउफट्राग’, म्हणजे ग्राहकाच्या वतीने विक्री, असं दिसलं तर सही करू नका. तेव्हा विकणारा खाजगी माणूस ठरतो आणि ही जबाबदारी झटकता येते. जर्मन नीट येत नसेल तर करार आदल्या दिवशी ईमेलवर मागवा.

टायरच्या कडेला चार आकडे असतात: 3819 म्हणजे 2019 चा 38 वा आठवडा. हिवाळी टायरवर डोंगर आणि बर्फकणाचं चिन्ह हवंच. कमी चाललेल्या पेट्रोल गाडीत मागच्या ब्रेकच्या चकत्या गंजतात, चाकाच्या फटीतून बघा. नवी टीयूव्ही तपासणी (गाडी रस्त्यावर चालवायला लागणारी सक्तीची तपासणी) करून देण्याची अट घाला. शिवाय शंभर-दीडशे युरोंत डेक्रा किंवा टीयूव्ही या तपासणी संस्थांकडून वेगळी वापरलेल्या गाडीची तपासणी होते, ती करा. डीलर नको म्हणाला तर दुसरी गाडी बघा.

जाण्याआधी फोन करून सांगा की इंजिन चालू करून ठेवू नका, ते थंड असताना कसं सुरू होतं ते बघायचंय. पोहोचल्यावर सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर म्हणा, जेवून येतो, आणि दोन तासांनी परत जा.