पाऊस तेवढाच, मग पीक का वाळतंय?

प्रश्न: वर्षाचा पाऊस मोजला तर पूर्वीइतकाच भरतो, तरी जमिनीतली ओल लवकर उडते आणि मका ऐन भरात करपतो. हा हवामान बदलच आहे का?

उत्तर: एका शेतावरून छातीठोक सांगता येणार नाही, पण तुम्ही जे बघताय ते त्याच्याशी जुळतं. वर्षाच्या बेरजेवर जाऊ नका, पाऊस किती पडला यापेक्षा मुळांपाशी किती मुरला आणि किती दिवस टिकला ते बघा. हवा 1 अंशाने तापली की तिच्यात साधारण 7 टक्के जास्त वाफ मावते, आणि तेवढी वाफ मिळाली नाही तर ती माती-पानांतून ओढून घेते, त्यात पाऊस बऱ्याच ठिकाणी आता एकदम धो धो पडतो आणि मग मोठा खंड, म्हणजे पाणी मुरायच्या आत वाहून जातं आणि वरची चांगली मातीही नेतं. ओल संपली की आणखी वाईट, कारण जी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च व्हायची ती आता माती आणि हवाच तापवते.

मक्यात तर ताण नेमका कुठे बसला ते कणीस सोलून दिसतं. तुरा वेळेवर येतो पण कणसाचे केस बाहेर पडायला उशीर होतो, तोवर पराग झडून गेलेला, मग दाणे तुटक भरतात आणि शेंडा मोकळा राहतो. नंतर कितीही पाणी द्या, ते दाणे काही येत नाहीत! म्हणून पाणी थोडंच असेल तर तुऱ्याच्या वेळेसाठी राखून ठेवा. आणि कृपा करून पिकाचे अवशेष जाळू नका, ते जमिनीवर पसरा, ऊन थेट मातीवर पडत नाही आणि पुढे कुजून मातीची पाणी धरायची ताकद वाढते. पाणी द्यायचं ठरवताना वीतभर खणून मूठभर माती दाबून बघा, वरून कोरडी दिसली तरी आत गोळा होत असेल तर थांबा.

प्रश्न: कार्बन डायऑक्साइड वाढला की पिकं जोमाने वाढतात म्हणे?

उत्तर: गहू, भात, सोयाबीनला थोडा फायदा होतो, मका-ज्वारीला फारसा नाही. पण फुलोऱ्यात उष्णतेने पराग वांझ झाला तर तो फायदा काय कामाचा, आणि अशा हवेत वाढलेल्या गहू-भाताच्या दाण्यात प्रथिनं, लोह, जस्त कमी भरतं, हे प्रयोगांत दिसलंय.