'टर्न अ ब्लाइंड आय' या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ काय? तो कधी वापरतात?
दिसत असूनही न दिसल्यासारखं करणं, म्हणजे आपला कानाडोळा. नजरचुकीने काही राहून गेलं तर हा चालत नाही, मुद्दाम केलेलं असावं लागतं. बहुतेकदा ज्याने रोखायला हवं होतं त्याच्याबद्दल, टीकेच्या सुरात येतो: 'द पोलीस टर्न्ड अ ब्लाइंड आय टू इल्लीगल पार्किंग.' पुढे 'टू' विसरू नका.

याच्याशी ब्रिटिश नौसेनानी नेल्सनचा किस्सा जोडतात. १८०१ च्या कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठ हाइड पार्करने लढाई थांबवण्याचा इशारा दिला. नेल्सनने दुर्बीण अधू उजव्या डोळ्याला लावली आणि 'मला काही दिसत नाही बुवा' अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला! किस्सा थोडा रंगवलेला असेल, पण त्या डोळ्याची दृष्टी १७९४ मध्ये कॉर्सिकाच्या मोहिमेत खरोखरच गेली होती.