वाचक विचारतात : लिंक इथं उघडते, तिथं का नाही?

प्रश्न : मराठी विकिपीडियाच्या पानाचा पत्ता क्रोममध्ये वरच्या पट्टीत देवनागरीत दिसतो, पण कॉपी करून पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची भलीमोठी माळ होते. हातानं टाइप करून पाठवला, तर समोरच्याकडे निम्माच निळा होतो आणि पान सापडत नाही. असं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ती माळ हाच खरा पत्ता. देवनागरी रूप ब्राउझर तुम्हाला वाचता यावं एवढ्यासाठीच दाखवतो. सर्व्हरकडे जाणाऱ्या पत्त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि ठरावीक चिन्हंच चालतात. म्हणून प्रत्येक देवनागरी खुणेचे तीन बाइट (संगणकातल्या साठवणीची छोटी एककं) होतात आणि प्रत्येक बाइट ‘टक्का आणि पुढे दोन अक्षरं’ असा लिहिला जातो. ‘पुणे’ घ्या : प, उकार, ण आणि मात्रा या ४ खुणा. त्यांचे १२ बाइट, म्हणजे पत्त्यात ३६ अक्षरं. शीर्षक चार शब्दांचं असेल तर काय होत असेल, ते तुम्ही पाहिलंच आहे.

क्रोममध्ये पूर्ण पत्ता निवडून कॉपी केला की माळ येते. पट्टीतला फक्त शीर्षकाचा तुकडा निवडलात तर देवनागरीच येते. फायरफॉक्सही मुळात माळच देतो. मात्र त्याच्या ‘अबाउट कॉन्फिग’ या आतल्या सेटिंगच्या पानावर ‘डीकोड-यूआरएल्स-ऑन-कॉपी’ ही नोंद शोधून ‘ट्रू’ केली की देवनागरी मिळते.

निम्मा निळा होण्यात ब्राउझरचा दोष नाही. लिंक कुठं संपली हे मेसेजचं किंवा मेलचं अ‍ॅप स्वतःच्या नियमानं ठरवतं. जागा सुटली की संपली, हे सगळ्यांचंच. काही अ‍ॅपना मात्रा किंवा हलन्त हे अक्षर वाटत नाही, तिथंच ती लिंक तोडतात. शीर्षकात कंस असेल तर शेवटचा कंस अनेकदा बाहेर राहतो. म्हणून पाठवायची असेल तर कुरूप माळच पाठवा. छापायची असेल तर विकिपीडियाच्या साधनपट्टीतली छोट्या दुव्याची सोय वापरा.

मराठीची एक खास खोच आहे. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो : खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पत्त्यात पहिल्याची १८ अक्षरं होतात, दुसऱ्याची २७. सर्व्हरच्या लेखी ही दोन वेगळी पानं. एकावरून दुसरीकडे पुनर्निर्देशन केलेलं नसेल, तर बिनचूक टाइप करूनही पान सापडणार नाही.

प्रश्न : इन्स्टाग्रामवरून अर्जाची लिंक उघडते, पण गूगलनं लॉगिन होत नाही आणि फोटोही चढत नाही. क्रोममध्ये तीच लिंक व्यवस्थित चालते. (एक वाचक, नांदेड)

उत्तर : तुम्ही ब्राउझरमध्ये नसताच. इन्स्टाग्राम आणि फेसबुक लिंक स्वतःच्या खिडकीत उघडतात. तिथल्या कुकी (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) वेगळ्या, त्यामुळे क्रोममधलं लॉगिन तिथं लागू होत नाही. अशा खिडक्यांतून गूगल २०१७पासून लॉगिन नाकारतं (४०३ क्रमांकाची चूक दिसते ती हीच), कारण खिडकीच्या मालकाला तुमचा पासवर्ड वाचता येऊ शकतो. नकार योग्यच आहे. फाइल निवडणं आणि डाउनलोड या गोष्टी अँड्रॉइडच्या या खिडकीत आपोआप येत नाहीत, अ‍ॅप बनवणाऱ्यानं वेगळा कोड लिहावा लागतो. कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवा आणि बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडण्याचा पर्याय घ्या. अर्ज भरायला घेण्याआधीच घ्या, कारण भरलेला मजकूर सोबत येत नाही.

प्रश्न : ऑफिसच्या अंतर्गत पानावर सर्व्हरवरच्या फोल्डरच्या लिंक आहेत. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडायच्या. आता क्लिक केलं तर काहीच होत नाही, चूकही दिसत नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : एफ-१२ दाबून कन्सोल (ब्राउझरची चुकांची नोंदवही) पाहा, तिथं चूक लिहिलेली असते. वेबपानावरून ‘फाइल’ प्रकारची लिंक उघडायला क्रोम आणि फायरफॉक्स मुळात परवानगीच देत नाहीत, नाहीतर कुठलंही परकं पान तुमच्या डिस्कवरच्या फायलींना हात घालू शकलं असतं. एक्सप्लोरर इंट्रानेटला, म्हणजे ऑफिसच्या अंतर्गत जाळ्याला, सूट द्यायचा. तो जून २०२२मध्ये निवृत्त झाला. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये त्यासाठी ‘इंट्रानेट-फाइल-लिंक्स-एनेबल्ड’ हे धोरण आहे, ते संगणक विभागाला चालू करायला सांगा. ते चालू करूनही लिंक मुकीच राहिली, तर पान एचटीटीपीएसवर आहे का आणि पत्ता विंडोजच्या इंट्रानेट झोनमध्ये आहे का, हे तपासा. दोन्ही अटी पाळाव्या लागतात, आणि बहुतेक वेळा पहिलीच अडते.

प्रश्न : पाहिलेली लिंक जांभळी व्हायची, आता क्रोममध्ये कधी निळीच राहते. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : बिघाड नाही. लिंकचा रंग तपासून तुम्ही कुठं जाऊन आलात हे साइट हुडकू शकत असत. २०१०मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं त्यावर पहिला मोठा बांध घातला. २०२५मध्ये क्रोमच्या १३६व्या आवृत्तीपासून लिंक जांभळी होते ती तुम्ही त्याच साइटवरून तिच्यावर आधी क्लिक केलं असेल तरच. साइटच्या स्वतःच्याच पानांच्या लिंकना ही अट नाही. गुप्त खिडकीतल्या भेटी मात्र इतिहासात उरतच नाहीत, ती बंद केल्यावर रंगही राहत नाही.